धुरपताचा कान

१९ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, रोज लिहा. उजव्या हाताने. काय लिहायचं ते सांगितलं नाही.

या दोन ओळींना अकरा मिनिटं लागली.

२० जानेवारी

मुखरू. मुखरू. मुखरू. आष्टी. आष्टी. आष्टी.

२२ जानेवारी

आज अक्षर थोडं ओळखू येतं. म्हणून झालं ते लिहून काढतो.

दोन तारखेला सकाळी देवराव गुरुजींच्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवून ठेवलं होतं. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जुनं, पण गुरुजींनी जिवापाड जपलेलं. मी प्लग पुसत होतो. एक प्लग हातातून पडला. वाटलं, बोटांना ऑइल लागलं असेल. उचलला – परत पडला. मग पाना पडला. बायको, धुरपता, चहा घेऊन आली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, कप खाली ठेवला. सरळ रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि चंद्रपूरकडे जाणारी पहिली जीप हात आडवा करून थांबवली.

डॉक्टर म्हणाले, लकव्याचा झटका होता, वेळेत आणलं म्हणून बोलताय, चालताय. उजवा पाय थोडा ओढतो. जीभ जागेवर आली. हात मात्र नाही. बोटं दिसतात माझी, पण ऐकत नाहीत.

वय एकोणपन्नास. आलापल्लीच्या रस्त्यावर बावीस वर्षांपासून गॅरेज, गॅरेजला लागूनच घर. हात नसलेला मेकॅनिक म्हणजे काय, ते आज लिहीत नाही.

२५ जानेवारी

देवराव गुरुजी भेटायला आले. गाडीचं नावच काढत नव्हते. शेवटी मीच काढलं. ‘माझी कुठी वरात अडून राह्यली, मुखरूभाऊ,’ म्हणाले. सायकलवर आले होते – सत्तर वर्षांचा माणूस!

ते गेल्यावर गॅरेजमध्ये गेलो. इंजिन उघडं, तसंच. दोन तारखेपासून धूळ बसतेय. लाज वाटली. धुरपताला म्हटलं, काहीतरी स्वच्छ फडकं टाक यावर. तिनं धुतलेलं जुनं लुगडं आणलं, चारपदरी केलं, कडेनं दोरी आवळून बांधलं. बांधण्याआधी वाकून बघत होती.

‘हे चार भोकं कायची?’

सिलिंडर, म्हटलं. यात पिस्टन वरखाली होतात. तिनं एकात बोट फिरवलं. ‘आतून किती गुळगुळीत हाय,’ म्हणाली.

बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिनं. की मी पहिल्यांदा ऐकलं?

२६ जानेवारी

डाव्या हाताने करून पाहिलं. पाना पायावर पडला. बस.

२८ जानेवारी

सकाळी परत गेलो. परत पडला. खाली बसलो तिथंच. धुरपता मागे उभी होती ते माहीत नव्हतं. तिनं पाना उचलला, पदराला पुसला आणि म्हणाली, ‘कोनता फिरवू?’

मी नाही म्हणणार होतो. खरं लिहितो – तोंडावर आलं होतं. पण गुरुजींची सायकल आठवली.

आधी हेडचा खालचा भाग साफ करायला लावला. सांध्यातल्या जुन्या गॅस्केटचा चिकटलेला कोळसा ब्लेडनं खरवडायचा. ओरखडा उमटला की संपलं, तिथूनच पाणी ऑइलमध्ये उतरतं. दोन तास बसली ती, मांडी घालून, हेड मांडीवर घेऊन. मी अर्ध्या तासात उरकतो हे काम. तिचं झाल्यावर हेड उन्हात धरलं. एक ओरखडा नाही. माझ्या अर्ध्या तासात दोन-तीन असतातच. हे कुणाला सांगितलेलं नाही आजवर.

३० जानेवारी

हेड बसलं. बोल्ट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे करून आवळायचे. एक एकदम आवळला तर हेड वाकडं बसतं. तिला एकदाच सांगितलं. टॉर्क पाना मोठा, वजनदार. कट् असा आवाज आला की थांबायचं. मी म्हटलं, जोर लागेल. ती हसली. धानाच्या बांधीत वाकून चाळीस हंगाम काढलेली बाई – तिला मी जोर सांगतो!

हात थरथरत नाही तिचा. माझा, दुखण्याच्या आधीही, थरथरायचा थोडा.

३१ जानेवारी

आजचं सगळं लिहायचंच, कितीही वेळ लागो.

गुरुजींना बोलावलं होतं. पहिल्याच चावीत इंजिन लागलं. गुरुजींनी हात जोडले. मला वाटलं, थोडं हलतंय, पण नवीन गॅस्केट आहे, बसेल जागेवर. मी तोंड भरून हसत होतो. धुरपता दारात उभी. पुढे आली नाही. तिथूनच म्हणाली –

‘तीनच बोलून राह्यले. एक चूप हाय.’

मी म्हटलं, काय? ती मान कलती करून ऐकत होती.

म्हटलं, तपासून तर पाहू. चालत्या इंजिनची एकेक प्लगची वायर काढायची असते. चालू सिलिंडरची काढली की इंजिन लंगडतं. मेलेल्याची काढली तर फरकच पडत नाही. एक नंबर – लंगडलं. दोन नंबर – लंगडलं. तीन नंबरची वायर काढली. काही नाही! जसं होतं तसंच.

प्लग काढून पाहिला. वरून नवा कोरा. उजेडात फिरवला तेव्हा पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी रेघ दिसली. दोन तारखेला माझ्या हातातून पडला तोच. मी वरवर पाहून चांगला म्हणून ठेवून दिलेला.

नवा प्लग घातला. इंजिनवर पाण्याचा पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये, असं झालं. गुरुजी गेले.

मी विचारलं, तुला कसं कळलं. ती भांडी घासत होती. हात न थांबवता बोलली:

‘या भिताडाच्या मांगं बावीस वर्षं सयपाक केला मीनं. बिमार गाडी येते, बरी होऊन जाते. दोन्ही आवाज कानावर पडतेच ना.’

३ फेब्रुवारी

बावीस वर्षं. ही भिंत एका विटेची. पलीकडे कोण आहे ते मला माहीत नव्हतं.

९ फेब्रुवारी

चारही सिलिंडर एकदम पेटत नाहीत, पाळीपाळीनं पेटतात – एक, तीन, चार, दोन. काल सांगितलं. आज भाकरी थापताना तेच म्हणत होती, एक-तीन-चार-दोन, एक-तीन-चार-दोन. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकलं. भाकरीवरची थाप त्या ठेक्यात पडत होती. हे मी उस्तादाकडे शिकलो तेव्हा महिनाभर चुकत होतो.

दुपारी एक गाडीवाला आला. धुरपताच्या हातात पाना पाहिला. ‘भाऊ बरे झाले का येतो,’ म्हणून गाडी वळवून गेला. मला राग आला. तिनं हात पुसले आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली.

मग लच्छू आला. लच्छू म्हणजे चामोर्शी-आष्टी काळीपिवळी चालवतो तो. त्याला म्हटलं, बाबा, काम आता ही करते, मी फक्त सांगतो. लच्छूनं बोनेट उघडून दिलं. ‘काम होते ना? मंग कोन करते त्याचं मले काय!’

मी आत जाऊन तिला बोलावून आणलं.

१४ फेब्रुवारी

टॅपेट सेटिंग शिकवली. व्हॉल्व्हच्या वर बारीक फट सोडायची असते. कमी झाली तर व्हॉल्व्ह जळतो, जास्त झाली तर टकटक. पातळ पत्ती फटीत सरकवून पाहायची – अडकायला नको, सैलही नको. आठ व्हॉल्व्ह, आठ वेळा. ती म्हणाली, सुईत दोरा ओवताना जशी हलकी ओढ लागते तसं ना? हो. अगदी तसं. मला हे कुणाला समजावून सांगायला बावीस वर्षांत शब्द सापडला नव्हता.

१७ फेब्रुवारी

चूक झाली. लच्छूच्या गाडीचं ऑइल बदललं, फिल्टर हातानं आवळायचा राहिला. रस्ताभर ऑइलची रेघ ओढत परत आला. बरं, ऑइलची बत्ती लागल्या लागल्या इंजिन बंद केलं त्यानं, नाहीतर बेअरिंग गेलीच होती. मी कारणं शोधत होतो – फिल्टरच खराब असेल वगैरे. धुरपता गाडीखाली गेली, आवळलं, बाहेर आली आणि लच्छूला सरळ म्हणाली, ‘माही चुकी झाली, भाऊ. फिल्टर ढिला मीनंच ठेवला.’

मी इतक्या वर्षांत असं कधी बोललो नाही गिऱ्हाइकाला. चुका काय कमी केल्या? लच्छू उलट खूश होऊन गेला.

१८ फेब्रुवारी

आमची करिष्मा नागपूरला नर्सिंग शिकते. तिची उरलेली नेलपॉलिशची बाटली धुरपतानं शोधून काढली. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर आता लाल ठिपका. ठिपका नाही म्हणजे काम झालं नाही. कुणी सांगितलं हे, विचारलं. ‘कोनी कायले सांगते,’ म्हणाली.

२४ फेब्रुवारी

चमचा धरला. वरण तोंडापर्यंत आलं. अर्धं.

२ मार्च

मोठी केस आली आहे.

एटापल्लीच्या पुढं जंगलातल्या अकरा गावांत एक फिरता दवाखाना जातो. त्यांची डिझेल गाडी, चार सिलिंडर, आत एक बाज, औषधांच्या पेट्या. ड्रायव्हर इसरू – माडिया आदिवासी, चाळिशीचा, जोहार म्हणून हात जोडून उभा राहिला. सोबत स्वाती सिस्टर. बोलायचं काम त्या करतात.

गाडी तास-पाऊण तास नीट चालते. मग ओढ कमी होते, दचके देते, बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी लागते. शहरातल्या तीन गॅरेजमध्ये नेली. डिझेल पंप नवा, इंजेक्टर नवे, फिल्टर नवे, सेन्सर नवा. प्रत्येक ठिकाणी उभी करून चालवून पाहिली, चालली. परत जंगलात गेली की बंद.

सिस्टर सांगत होत्या, मागच्या महिन्यात सरपण आणायला गेलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीला साप चावला. तिला घेऊन निघाले आणि गाडी नाल्याच्या पलीकडं बंद पडली. थांबले. लागली. दोन डोंगर ओलांडले, परत बंद. इसरू पळत पुढच्या गावात गेला, माणसं आणली, पोरीला बाजेवर उचलून नेलं.

‘वाचली,’ सिस्टर म्हणाल्या. ‘पण दर वेळी वाचेल असं नाही ना, भाऊ. आठ दिवसांत नाही झालं तर ही गाडी मोडीत काढा म्हणतात वरचे. दुसरी कधी येईल, देव जाणे.’

इसरू मान खाली घालून जमिनीकडं पाहत होता.

सिस्टर दुपारच्या बसनं परत गेल्या. इसरू थांबला. आमच्या ओट्यावर झोपेन म्हणाला.

३ मार्च

माझ्याकडचा छोटा स्कॅनर लावला. रेल प्रेशर कमी, एवढंच सांगतो. म्हणजे इंजिनला डिझेल कमी पोहोचतं. का, ते यंत्र सांगत नाही. दोन तास उभी चालवली. काही नाही. अगदी मजेत.

धुरपता बोनेटपाशी उभी राहून ऐकत होती. विचारलं, काय म्हणते. ‘इंजिन चांगलं हाय. चारही बोलते,’ म्हणाली. मी म्हटलं, मला कळलं. टाकीच्या झाकणाची हवेची जागा बुजली असणार. डिझेल खाली उतरतं, वरून हवा आत जात नाही, टाकी आवळली जाते, पंपाला ओढता येत नाही. उभ्या गाडीला डिझेल कमी लागतं म्हणून इथं होत नाही. हे मी चार गाड्यांत पाहिलंय. पक्कं!

इसरूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

४ मार्च

लिहायचं नव्हतं आज. लिहितो.

सकाळी आलापल्लीच्या रस्त्याला निघालो. इसरू चालवत होता. काय चालवतो हा माणूस! खड्डा दिसायच्या आधी त्याचा पाय हलतो, एक पेटी वाजत नाही मागे. धुरपता त्याच्या शेजारी, मी मागे बाजेवर. तीसेक किलोमीटरवर सागाच्या जंगलात गाडीनं दचका दिला. दुसरा. बंद.

मी ओरडलोच – झाकण खोल, हवा ओढल्याचा आवाज येईल. धुरपतानं झाकणाला कान लावून हळू फिरवलं.

‘नाई ओढली हवा.’

नीट ऐक, म्हटलं. ‘आयकलं. नाई ओढली.’

मी चिडलो. तोंडाला येईल ते बोललो. तुला काय समजतं, महिनाभर पाना धरला म्हणून मेकॅनिक झाली का, असं. इसरूच्या समोर. जंगलात रस्त्यावर उभं राहून. ती टाकीपाशी उकिडवी बसून राहिली. इसरू रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन जंगलाकडं तोंड करून उभा राहिला. इकडे वाघ आहे म्हणून, की माझं ऐकू येऊ नये म्हणून, कोण जाणे.

बारा मिनिटांनी गाडी लागली. परतताना परत तसंच, परत बंद. झाकण उघडंच ठेवलं होतं या वेळी. माझा अंदाज साफ चुकला होता.



५ मार्च

माफी मागायची होती. सकाळपासून तोंड उघडत नव्हतं.

धुरपता चहा गाळत होती, इसरू ओट्यावर बसलेला. गाळता गाळता ती थांबली. कपाकडं नाही, गाळणीकडं पाहत होती. चहा थांबला होता, पत्ती जाळीला चिकटून बसली होती. तिनं भांडं सरळ केलं, गाळणी झटकली, परत ओतला. परत धार लागली. परत थांबली.

‘अहो,’ म्हणाली. कालपासूनचा पहिला शब्द. ‘टाकीत नळीच्या तोंडाले गाळनी असते का?’

असते. जाळी असते. टाकीच्या तळाशी.

‘त्यात काईतरी बसत असन. ओढ लागली का चिकटते, बंद झाली का सुटते. गाडी थंडी होऊन नाई लागत. थे सुटून जाते म्हणून लागते.’

मी चहा खाली ठेवला. तीन गॅरेज. पंप, इंजेक्टर, सेन्सर. आणि मी. कुणीही टाकीत पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी महागाचं आधी पाहिलं.

मी म्हटलं, धुरपता, काल मी चुकलो. दोन्ही बाबतीत. ती म्हणाली, चहा थंडा होते.

संध्याकाळ – लगेच टाकी उतरवू म्हणत होतो. ती नको म्हणाली. आधी पक्कं करू, म्हणाली, नाहीतर उद्या टाकी साफ दिसली तर काय? बरोबर आहे. मी घाई करत होतो, ती नाही. उद्या टाकी वापरायचीच नाही. डिझेलच्या कॅनमध्ये जायची-यायची दोन्ही नळ्या टाकायच्या, कॅन आत पक्की बांधायची, आणि तोच रस्ता.

६ मार्च

आलापल्ली जाऊन आलो. न थांबता.

इसरूनं मागे रेतीची पोती भरून घेतली होती, ओढ लागावी म्हणून. परवाची जागा आली तेव्हा कोणी श्वास घेत नव्हतं. सागाचं ते वळण गेलं. आणखी एक गेलं. आलापल्लीला गाडी बंदच केली नाही, तशीच वळवली. धुरपता सगळा वेळ मान कलती करून बसलेली, डोळे मिटून. आष्टीच्या पहिल्या घरापाशी तिनं डोळे उघडले. ‘एकदाही नाई अडकली,’ म्हणाली.

इसरू हसला. दात दिसले त्याचे. पाच दिवसांत पहिल्यांदा.

७ मार्च

टाकी उतरवली. सगळं डिझेल काढलं. आत बॅटरीचा उजेड टाकला – तळाला, जाळीच्या बाजूला, तळहाताएवढी प्लास्टिकची पातळ पन्नी. पारदर्शक. डिझेलमध्ये दिसलीच नसती. धुरपतानं वाकवलेल्या तारेनं अलगद बाहेर काढली आणि पाटीवर पसरली.

मी खूश होऊन इसरूकडं पाहिलं. तो खाली बसला होता.

मग बोलला. मागच्या पावसाळ्यात नाले भरले होते, पंपापर्यंत जाता येत नव्हतं. गावातून कॅननं डिझेल आणलं. कॅनला झाकण नव्हतं, तोंडात पन्नी कोंबलेली होती. घाईत ओतताना तुकडा आत गेला असणार. ‘मीच टाकलो,’ म्हणाला. ‘थे पोरगी… मीच.’

तुझी चूक नाही, असं काहीतरी म्हणणार होतो. खोटं वाटलं असतं त्याला.

धुरपता त्याच्यासमोर बसली. हाताला डिझेल लागलेलं.

‘त्या दिवशी तुमी थे डिझेल टाकलं, तवा गाडी कोनाले घ्याले चालली होती?’

इसरू म्हणाला, बाळंतीण होती. दोन दिवस अडलेली.

‘मंग? पोचली ना थे?’

पोचली, म्हणाला. पोरगा झाला.

‘मंग दोन्ही तुमीच केलं. एकच धरून कायले बसता.’

इसरू उठला. टाकी धुवायला तोच पुढं झाला. तीनदा धुतली.

मी हे लिहितोय आणि पान संपत आलंय. बावीस वर्षं मी इंजिनं दुरुस्त केली. आज तिनं जे दुरुस्त केलं त्याला पाना लागत नाही.

८ मार्च

टाकी बसवली. नळ्यांतली हवा काढायला हातपंप दाबायचा होता. धुरपता म्हणाली, तुमी करा. डाव्या हातानं करायला लागलो, तिनं मान हलवली. उजव्यानं दाबला. चाळीस वेळा. मध्ये तीनदा थांबलो. इंजिन लागलं.

इसरू गेला. जाताना मला जोहार केला. तिला वाकून केला.

१९ मार्च

स्वाती सिस्टरचा फोन. अकराही गावं झाली. एकदाही बंद नाही.

६ एप्रिल

त्या दिवशी गाडी वळवून गेलेला गाडीवाला परत आला. ‘बाई आहेत का?’ विचारलं. मी म्हटलं, आहेत, बसा.

त्याची गाडी गरम होते. धुरपतानं रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं आणि पाण्यात बुडबुडे पाहिले. ‘गॅस्केट गेलं, भाऊ. असंच चालवलं तर हेड वाकन.’ तो माझ्याकडं पाहायला लागला. मी रस्त्याकडं पाहिलं. मग त्यानं तिलाच विचारलं, किती दिवस लागतील.

२२ एप्रिल

मोहाची फुलं वेचून आणली तिनं पहाटे, आणि नऊला गाडीखाली. केसांत अजून वास होता. मी पाने देतो, ती लावते. कधी मी लावतो, ती उजेड धरते. आज दोघांनी मिळून क्लच बसवला आणि एकदाही वाद झाला नाही. कार्बुरेटर, इंजेक्शन, सगळं विचारून घेते. वहीत लिहिते, माझ्या जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागे. सातवी शिकलेली. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, आजारापूर्वीच्या माझ्यापेक्षाही.

११ मे

डॉक्टरांनी पकड तपासली. सत्तर टक्के म्हणाले. जड सोडून बाकी करा.

मी येताना बसमध्ये तिला म्हटलं, आता तू सुटलीस. ती खिडकीतून पाहत होती. घरी आल्यावर मला वाटलं, हे मी बोलायला नको होतं.

१२ मे

सकाळी ती स्वयंपाकघरात, मी गॅरेजमध्ये. जसं पूर्वी होतं. लच्छूची गाडी होती. मी बोनेट उघडलं, ऐकलं, काही कळेना. म्हणजे कळेल, पण वेळ लागेल. भिंतीवर ठोकलं तीनदा. ती पीठ लागलेल्या हातानं आली.

२ जून

स्वाती सिस्टर आणि इसरू आले होते. गाडी दाखवायला, म्हणाले. गाडीला काही नव्हतं. धुरपताशी मागे ओट्यावर तासभर बोलत बसले. मी समोर गिऱ्हाइकं सांभाळत होतो. काय बोलले, मी विचारलं नाही.

५ जून

धुरपता गेली. चार महिने. नाले भरले की दवाखान्याची गाडी आतच राहते, तिकडं मेकॅनिक जात नाही. सिस्टरनं विचारलं, तिनं हो म्हटलं. मला विचारलं नाही. सांगितलं.

सकाळी इसरू घ्यायला आला. मी तिचं टूलबॉक्स चढवून दिलं, उजव्या हातानं. गाडी हलली. वाटलं, मागे वळून पाहील. पाहिलं नाही तिनं. मान कलती करून, डोळे मिटून, इंजिन ऐकत होती.